बोटीचा कोबी

आमच्या बेटावर कौतुकाचा शब्द एकच होता : 'बोटीचं'. साबण बोटीचा, खिळे बोटीचे, डॉक्टर बोटीचे. ज्याचं कौतुक करायचं नाही पण ज्याच्यावाचून चालतही नाही, ते 'इथलं'. शिवण उसवली की कापड इथलं, दार कुरकुरलं की सुतार इथला. स्थळ बघून आलेली माणसं 'मुलगा चांगला आहे हो, पण इथला आहे' असं सांगायची आणि मुलीकडचे समजायचं ते समजून घ्यायचे. मुलगीही इथलीच असायची, ते सोडा. बोट आठवड्यातून दोनदा यायची. तिच्यातून उतरलेली वस्तू सडकी का असेना, प्रवास करून आलेली असायची, आणि आमच्यापैकी बहुतेकांनी तेवढाही प्रवास केलेला नव्हता.

अशा ठिकाणी एका बाईनं पंचवीस-सव्वीस वर्षं इथला कोबी विकला. आम्ही तिला बोटवाली म्हणायचो. ती जन्मात बोटीवर चढली नव्हती. जेटीवर उभं राहून नुसत्या लाटा पाहिल्या तरी तिला बोट लागायची.

बेटाच्या मधोमध डोंगराची धार आहे. अलीकडे जेटी, बाजार, शाळा आणि आम्ही. पलीकडे नुसता वारा. पलीकडच्या उतारावर सरकारची एक पडीक पट्टी होती. ती बोटवालीच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी शेळ्या चारायला म्हणून कागद करून घेतली. नवरा बोटीवर खलाशी; चार दिवस पाण्यात, तीन दिवस घरात. त्या तीन दिवसांत दोघांनी दगड रचले. खारा वारा अडवायला छातीएवढी भिंत, तिच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी. माती टोपलीनं वाहिली. पाचव्या वर्षी तिथं कोबी धरला, आणि असा धरला की गड्डा दोन हातांत मावेना.

ती बाजारात पाटी मांडून बसली. गिऱ्हाईक यायचं, गड्डा अंगठ्यानं दाबायचं, 'कुठला?' म्हणून विचारायचं.

"इथला."

"अस्सं," म्हणायचं आणि हात झाडत पुढं जायचं. दुपारपर्यंत कोबीला इतके अंगठे लागलेले असायचे की शेवटी तो शेळ्यांनाच जायचा. असे सात आठवडे गेले. आठव्या आठवड्यात बोट लागायला आणि तिची पाटी मांडायला एकच गाठ पडली. मुख्याध्यापकांच्या बायकोनं येऊन विचारलं, "बोटीचा ना गं?"

ती डोंगर उतरून आलेली, मान अवघडलेली, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही. ती मान हलवून 'हो' म्हणाली.

पाटी अर्ध्या तासात रिकामी झाली. मुख्याध्यापकांच्या बायकोनं दोन गड्डे नेले, आणि इथल्यात अन् बोटीच्यात काय फरक असतो ते शेजारणीला पान सोलून दाखवलं.

बोटवालीनं एवढंच केलं. एकदा मान हलवली आणि मग त्या हलवलेल्या मानेला साजेसं आयुष्य रचत गेली.

खोटं पिकवायला कोबीपेक्षा जास्त मेहनत लागते. बोटीच्या आदल्या संध्याकाळी ती गवताच्या भाऱ्यांत गड्डे दडवून जेटीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणायची आणि तिकडचे शिक्के असलेल्या क्रेटमध्ये भरायची. मुख्य भूमीला आम्ही नुसतं 'तिकडे' म्हणतो. बोट लागली की नवरा बाकीच्या मालाबरोबर तेही क्रेट खांद्यावर टाकून फाटकातून बाहेर आणायचा. फाटकावर जेटीचा कारकून बसायचा. फाटकातून बाहेर पडलं ते बोटीतून आलं, एवढं त्याचं सरळ शास्त्र. 'कोबी, क्रेट बारा, तिकडून' असं त्यानं वर्षानुवर्षं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

मोठी अडचण होती ताजेपणाची. बोटीचा माल दमलेला असतो. म्हणून ती कोबी काढून दोन दिवस सावलीत तसाच ठेवायची, बाहेरची पानं मलूल होईपर्यंत. एखादा गड्डा मुद्दाम जमिनीवर आपटायची. माल ताजा राहावा म्हणून जगभरचे शेतकरी जिवाचा आटापिटा करतात. ही बाई तो शिळा व्हायची वाट बघत बसायची. रेडिओवर न चुकता तिकडचं हवामान ऐकायची. तिकडे गारपीट झाली की वाफ्यात कोबी तरारलेला असतानाही "यंदा माल नाही" म्हणून हात वर करायची, आणि आम्ही तिकडच्या गारांना शिव्या घालत घरी जायचो.

हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. त्याची धाकटी बहीण गल्लीत समोरच राहायची, तिलाही नाही. बोटवाली तिला वन्सं म्हणायची, ती हिला वहिनी. दोघींचं नणंद-भावजयीसारखं नव्हतं, म्हणजे पटायचं. वन्संचा नवरा शिंपी. बोटवालीच्या तिन्ही परकरांना त्यानं आतून खिसे शिवून दिले होते आणि 'एवढे खिसे कशाला?' असं कधी विचारलं नव्हतं. त्यांत बियाणं असायचं. डोंगरापलीकडे वहिनी शेळ्यांसाठी काहीबाही लावते, इतपत सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेळ्यांचं खाणं कोण चाखून बघतं?

मग बोटीची एकोणीस दिवसांची खोटी झाली.

बोटीचं इंजिन तिकडच्या धक्क्यावर बसलं, ते दुरुस्त होईतो वादळ उठलं, वादळ निवतंय तोवर सुटा भाग चुकीचा आला. एकोणीस दिवस बोट नाही. खलाशी तिकडे अडकलेला. पाचव्या दिवशी बाजारात कांदे संपले, आठव्या दिवशी बटाटे. खानावळवाला डाळीच्या पाण्याला रस्सा म्हणू लागला. आम्ही भात आणि मीठ खात होतो आणि रोज संध्याकाळी जेटीवर जाऊन समुद्राकडे बघत होतो. बघण्यानं बोट येते असा आमचा समज होता.

डोंगरापलीकडे, तीन भिंतींच्या आत, बोटवालीचे तीनेकशे गड्डे तयार होते.

एक जरी बाजारात आणला असता तरी आम्ही विचारलं असतं : बोट नाही, मग हा कुठून आला? त्या एका प्रश्नावर मागची सगळी वर्षं कोसळली असती. नवरा असता तर त्याच्याशी बोलली असती. तो नव्हता. तिनं एकटीनंच ठरवलं.

बाराव्या दिवशी वन्सं दारात आली. शिंपी नुकता टायफॉईडमधून उठला होता. डॉक्टरांनी, ताप गेला, आता त्याला हिरवी भाजी मऊ शिजवून द्या, असं सांगितलं होतं.

"वहिनी, एखादा गड्डा राहिलाय का गं? बाहेरची पानं असली तरी चालतील. उकळून पाणी पाजते त्यांना."

"नाही हो वन्सं. बोट आली की पहिला तुम्हालाच."

वन्सं क्षणभर दारात थांबली, मग "बरं" म्हणून गेली.

गड्डे फार दिवस उभे राहिले की फुटतात, फुटले की कुजतात, आणि कुजलेल्या कोबीचा वास कुणाची भीड धरत नाही. वारा फिरला असता तर तो धार ओलांडून बाजारात उतरला असता. सोळाव्या दिवशी तिनं खड्डा खणायला घेतला. खणताना शेळ्यांना मोकळं सोडलं. त्या फुटेस्तोवर खाऊन फुगल्या आणि एक मेली. बाजारात बातमी आली, 'बोटवालीची शेळी गेली. उपासानं गेली बिचारी.' आम्ही तिचं सांत्वन करून आलो. तिनं आम्हाला बिनदुधाचा चहा दिला.

विसाव्या दिवशी बोट आली. शेतात तेवढा एकच वाफा मागाहून लावलेला होता, त्यातला पहिला गड्डा वन्संना पोचला.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी बेटाची शेती आणि बेटाचं अन्न बळकट करण्याचा प्रकल्प आला. तोही बोटीनंच आला. अधिकारी दर दुसऱ्या वाक्याला 'स्वावलंबन' म्हणायचे, म्हणून आम्ही त्यांचं नाव स्वावलंबन साहेब ठेवलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवलं की आमच्या ताटातलं शंभरातलं ब्याण्णव बोटीनं येतं. आम्ही तो आकडा जरा अभिमानानंच पाहिला. साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी तिकडचं बाटलीतलं पाणी प्यायलं आणि पुढं समजावलं.

ब्याण्णवात बोटवालीचा कोबी धरलेला होता.

प्रकल्पाचा नियम सोपा होता. बेटावरच्या सरकारी पट्ट्यांपैकी जिथं कुणी दहा वर्षं पीक घेऊन इथंच विकलं असेल, ती पट्टी त्याच्या नावावर कायमची. त्याला विक्रीचा पुरावा हवा आणि दोन साक्षीदार. पुरावा नसेल तर पट्टी प्रकल्पाच्या आदर्श शेतीकडे जाणार. पलीकडच्या उतारावर साहेबांनी नकाशात आधीच हिरवा चौकोन काढून ठेवला होता. वारा अडवणाऱ्या तयार भिंती त्यांना फार आवडल्या होत्या. त्या कुणी बांधल्या हे नकाशात लिहिलेलं नव्हतं.

बोटवालीनं फॉर्म आणला आणि साक्षीदार शोधायला निघाली. आधी गेली खानावळवाल्याकडे.

"सांगतो की," तो म्हणाला. "वीस वर्षं तुझाच कोबी घेतोय. दुसऱ्या कुणाचा हात लावला नाही."

"मग तेवढंच सांगा. माझा कोबी म्हणून."

"सांगतो. बोटीचा, एक नंबर."

"बोटीचा नाही हो. माझा. मी लावलेला."

खानावळवाला हसला. "आता प्रकल्प आलाय म्हणून का? बरोबर आहे तुझं, आम्हीही काहीतरी लावलं होतं म्हणून सांगणार आहोत. पण तुझा कोबी सगळ्यांनी बोटीवरून उतरताना बघितलाय बाई. तुझ्या नवऱ्याच्याच खांद्यावर."

मुख्याध्यापकांची बायको तर दुखावलीच. "म्हणजे इतकी वर्षं मी इथला कोबी खाल्ला, असं म्हणायचंय तुला?"

सुनावणीच्या आदल्या दुपारी खलाशी दारात क्रेटच्या फळ्या ठोकत बसला होता. गुडघे गेल्यापासून तो बोटीवर जात नव्हता. आता क्रेट नवा खलाशी बाहेर आणायचा, जुनी रीत आहे म्हणून, काही न विचारता.

"खरं सांगून टाक," तो म्हणाला.

"कुठलं? दोन आहेत."

"दोन कुठली?"

"कोबी माझा होता, हे एक. ते सांगितलं की दुसरं आपोआप येतं. एकोणीस दिवसांचं."

खलाशानं तोंडातला खिळा काढला. "मला तू हे तेव्हा सांगितलं नाहीस."

"तुम्ही आल्यावर काय सांगायचं? पुरून झालं होतं."

त्यानं तो खिळा फळीत ठोकला. मग म्हणाला, "समोर माझी बहीण राहते."

"मला माहीत नाही का?"

"मग सोड पट्टी. शेळ्या आहेत, निभेल."

"तिसऱ्या भिंतीचे दगड मी सातव्या महिन्यात वाहिलेत," ती म्हणाली. "ते मूल राहिलं नाही, पण भिंत राहिली. ती मी नकाशातल्या चौकोनाला देणार नाही."

खलाशानं क्रेट उलटा करून तो नीट बसतो का ते पाहिलं.

सुनावणीला सगळं बेट आलं. दुसरं काही चाललेलं नव्हतं. साहेबांनी तिचा फॉर्म वाचला, जेटीच्या कारकुनाला उभं केलं. त्यानं वह्या आणल्या होत्या. प्रत्येक पान तिकडून आलेल्या कोबीचं. कारकुनाला तिच्याबद्दल राग नव्हता; स्वतःच्या अक्षराबद्दल प्रेम होतं.

"मी शेडमध्ये आदल्या दिवशी आणून ठेवायची," बोटवाली म्हणाली.

हॉलमध्ये थोडं हसू पिकलं. साहेबांनी हात वर करून ते थांबवलं. ते वह्या नीट बघत होते, आणि नीट बघणाऱ्या माणसाला जे दिसतं ते त्यांना दिसलं.

"बाई, सात वर्षांपूर्वी एकोणीस दिवस बोट नव्हती. त्या दिवसांत तुमचीही नोंद नाही आणि बाजारात तुम्ही बसला नव्हतात, असं सगळे सांगतात. कोबी तुमच्या शेतातला असता तर बोटीशी तुमचा काय संबंध? तेव्हा तर सोन्यासारखा गेला असता."

त्यांनी हे तिला अडकवायला विचारलं नव्हतं. खरोखरच विचारलं होतं.

बोटवालीनं दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथं वन्सं आणि शिंपी शेजारी-शेजारी बसले होते. शिंप्यानं सुनावणीसाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"होता," ती म्हणाली. "तीनशेच्या वर होता. पुरला."

"पुरला म्हणजे?"

"खड्डा खणून पुरला. विकला असता तर तुम्हाला सगळ्यांना कळलं असतं, इथला आहे ते."

पुरावा द्या असं कुणी म्हणालं नाही. स्वतःबद्दल इतकं वाईट खोटं कुणी कशाला बोलेल? आम्ही सगळे सात वर्षांपूर्वीचा भात चघळत होतो. कुणीतरी मागून "आणि शेळी?" एवढंच विचारलं.

"खाऊन मेली."

साहेब लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि जरा अवघडून म्हणाले, "हे एका अर्थी तुमच्या बाजूचं आहे. पण साक्षीदार दोन लागतात."

वन्सं उठली.

"माझी घ्या सही," ती म्हणाली. "बाराव्या दिवशी मी हिच्या दारात गेले होते. आत चुलीवर कोबी शिजत होता. वास आला मला. म्हटलं, शेवटचा एखादा गड्डा घरच्यापुरता ठेवला असेल. ठेवतं माणूस. आपणही ठेवला असता." ती बोटवालीकडे बघत नव्हती, साहेबांकडे बघत होती. "म्हणून तेव्हा काही बोलले नाही. कुठं सही करू?"

तिच्यामागून शिंपी आला. दुखण्यानंतर त्याचा उजवा हात किंचित कापायचा, काज करायला वेळ लागायचा. त्याचा भाजीपाल्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टर बोटीचे होते, तेव्हा मानायला हवं. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरून सही केली आणि पेन टोपण लावून परत दिलं.

पट्टी बोटवालीच्या नावावर झाली. बेटावरची ती पहिली नोंदणीकृत स्थानिक उत्पादक. तसं प्रमाणपत्र मिळालं, चौकटीसह. बाजारात तिच्या जागेवर प्रकल्पानं हिरवी पाटी लावली : 'इथलं'. साहेबांनी तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढला. फोटोत साहेब हसताहेत.

त्या पाटीखाली ती आठ महिने बसली. कुणी भांडलं नाही, टोमणा मारला नाही. आम्ही फक्त दुसऱ्या बाजूनं जायचो. तिच्या गल्लीतून जाणाऱ्यांना समोरचं एक दार कायम बंद दिसायचं. खलाशी बहिणीकडे जाऊन बसायचा. त्याला चहा मिळायचा, दूध घालून.

आदर्श शेती मग खालच्या पठारावर झाली. बोटीनं जाळ्या आल्या, रोपं आली, पोत्यांतून माती आली, आणि त्या मातीवर लक्ष ठेवायला एक मॅनेजर आला. बाजारात चकचकीत काउंटर उघडलं. त्यावरही 'इथलं' हीच पाटी होती, पण तिकडून छापून आणलेली. आम्ही रांगा लावल्या. खानावळवाला चाखून म्हणाला, "इथलं आहे, पण अगदी बोटीचं वाटतं." प्रकल्पाच्या अहवालात हे वाक्य घेतलं आहे, असं ऐकतो.

पहिल्याच हिवाळ्यात खारा वारा जाळ्यांतून आत शिरला. पठारावर भिंत नव्हती. दोन दिवसांत रोपं भाजल्यासारखी काळी पडली. काउंटर रिकामं ठेवणं अहवालाच्या दृष्टीनं बरं नव्हतं. मॅनेजर डोंगर ओलांडून पलीकडे गेला, तिन्ही भिंती बघितल्या, वाफे बघितले आणि म्हणाला, "सगळा माल आम्ही घेऊ. फक्त मागच्या दारानं आणा. लोकांना उगाच..."

"समजलं," बोटवाली म्हणाली.

आता कोबी शिळा करायची गरज नव्हती. काउंटरला ताजाच हवा होता, तोडल्या सकाळी. एवढी एक सुधारणा प्रकल्पामुळे झाली, हे मान्य करायला हवं.

परवा ती मागच्या दारानं क्रेट आत घेत होती. काउंटरवरच्या मुलीनं वरचा पहिला गड्डा उचलून त्यावर तिकडून छापून आलेली 'इथलं' अशी चिठ्ठी चिकटवली आणि पुढं मांडला. पडद्याच्या फटीतून बोटवालीला गिऱ्हाइकाची पिशवी दिसली. पिशवी ओळखीची होती. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांची, चौकोन-चौकोन जोडलेली.

"इथलाच ना?" वन्संनं विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली.

वन्संनं गड्डा अंगठ्यानं दाबून पाहिला, पिशवीत घातला आणि गेली.

घरी खलाशी दारातच होता. बोटवालीनं रिकामा क्रेट त्याच्यासमोर ठेवला. एक फळी निखळली होती.

"वन्सं कोबी घेऊन गेल्या."

"तू दिलास?"

"काउंटरवरून घेतला."

खलाशानं फळी हातात घेऊन फिरवून पाहिली. "बरा होता का गड्डा?"

"पहिलाच होता," ती म्हणाली, आणि शेळ्यांना पाणी ठेवायला मागे गेली.